फोंतनेच्या घंटेचं बारसं

तीर्थस्वरूप क्लेमांस आत्या,

तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांना दुरूनच नमस्कार (हात लावला की तू ओरडतेस). डुकरं बरी आहेत ना? आणि नवे आतोबा?

तुझ्या तिसऱ्या लग्नाला एकुलता एक भाचा फिरकला नाही म्हणून तू चिडली असशील. पण मी फोंतनेला पोचलो होतो, आत्या, वेळेवर आणि नव्या बुटांत. फक्त ते फोंतने तुझं नव्हतं. आपल्या आडनावाची गावं या देशात ढिगाने आहेत हे मला काय ठाऊक? तिकीट देणाऱ्या बाईंनी "कुठलं फोंतने?" म्हणून विचारलं, तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "आमचं." त्यांनी जवळचं दिलं.

उतरलो तर चर्चसमोर पताका, बँड, लांबलचक टेबलं. म्हटलं, आत्याने या खेपेला हात सैल सोडलाय. खांद्यावरून तिरंगी पट्टा घेतलेल्या एक बाई उभ्या होत्या. त्याच तुमचं लग्न लावणार असं समजून मी पुढे झालो आणि सांगितलं, "मी गास्ताँ फोंतने." बँड थांबला. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. त्या बाई, म्हणजे गावच्या सरपंच सोलांजबाई, म्हणाल्या, "आलात? आम्ही आशा सोडली होती," आणि मला सर्वांत मोठ्या खुर्चीत बसवलं. गावाला ज्यांचं नाव आहे त्या सरदार घराण्याचा मी शेवटचा वारस, असं शेजारच्याने माझ्याच कानात मला सांगितलं. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं, पण तोंडात बदकाची तंगडी होती (आणि घास असताना बोलू नये हे तूच शिकवलंस).

नवरी काही दिसेना. मग कळलं, नवरी नाहीच. चर्चची तडकलेली घंटा नव्याने ओतून आणली होती, तिचं बारसं होतं आणि धर्मपिता मी. नाव ठेवा म्हणाले, मला एकच सुचलं. तेव्हा ती आता क्लेमांस आहे. पुढे भाषण. खिशात तुझ्या लग्नाचं होतं, तेच वाचलं: "दोनदा तडा गेला, तरी हिचा आवाज अजून शिवेपलीकडे ऐकू जातो. हिला सांभाळणाऱ्याचे हात मजबूत राहोत आणि त्याला झोप लागो." लोक रडले. (आतोबांसमोर वाचायची वेळ आली नाही, हे बरंच झालं.)

वाईन उतरेपर्यंत मी सांगून बसलो होतो की घराण्याची गढी तुझ्याकडे आहे.

तुझा लाडका,
गास्ताँ

ता. क. रविवारी सगळं गाव बँडसकट गढी बघायला येतंय. डुकरं मागे बांध. आतोबांना हातमोजे घालून दार उघडायला सांग. आजोबा संडास उपसायचे हे बोलू नकोस. "जमिनीची कामं पाहायचे" एवढंच सांग.

आणखी ता. क. हे सोलांजबाईंनी आत्ताच माझ्या खांद्यावरून वाचलं. म्हणतात, या गावात फोंतने सरदार कधी नव्हतेच. शेजारच्या गावाने आपल्या घंटेला खराखुरा ड्यूक आणला, म्हणून यांना त्या दिवशी कुणीही फोंतने चालला असता. तेव्हा गढीचं सोड, बँडही येत नाही. त्या एकट्याच येतायत, तुझ्याकडे माझी मागणी घालायला. विचारतील त्याला हो म्हण, आत्या. मी म्हणून बसलोय.