ढोबळ्या मिरच्यांवरची तुझी माणसं

प्रिय पोरी,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून दचकू नकोस. यात कोर्टाचं काही नाही. ते मागच्या महिन्यात संपलं, घटस्फोटाच्या कागदांवर सह्या झाल्या, आणि त्याबद्दल मी मुलालाही काही विचारलं नाही आणि तुलाही विचारणार नाही. तुमचं पटलं नाही, तो तुमचा प्रश्न. माझा प्रश्न वेगळा आहे, आपल्या दोघांमधला, आणि फोनवर बोलायला गेलो की घसा खाकरण्यातच वेळ जातो. म्हणून लिहायला बसलोय. हिने बजावलंय की आधी चांगली बातमी लिहा, उगाच सुरुवातीलाच रडगाणं नको.

तर चांगली बातमी अशी, की काल डॉक्टरीणबाईंनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि छाती साफ आहे म्हणाल्या. गेल्या वर्षी याच बाईंनी तोंडावर सांगितलं होतं, औषध फवारणं कायमचं बंद करा, नाहीतर तुमच्या श्वासाची खात्री मी देणार नाही. मुलगा म्हणाला, मग मागचं हरितगृह मोडूनच टाकू, गाडी लावायला जागा होईल. त्याच्या परीने त्याचं बरोबर होतं. पण निवृत्त झाल्यापासून सकाळी अंथरूण सोडायला मला त्या प्लास्टिकच्या छपराखालच्या ढोबळ्या मिरच्यांखेरीज दुसरं कारण नाही, हे त्याला कसं सांगायचं? फवारा गेला की रस शोषणारा मावा येणार, पानं चिकट होऊन मुरडणार, सगळं मला ठाऊक होतं. तरी मी छाती फुगवून सांगितलं, मोडणार नाही. फुगवल्यावर खोकलो, ती गोष्ट वेगळी.

हे धाडस कुणाच्या जोरावर केलं, ते तुला कळलं असेलच. लग्नानंतरची तुझी पहिलीच थंडी असेल. रोज सकाळी मी ओलं फडकं घेऊन पान न् पान पुसत फिरायचो. मावा पुसायचा आणि मधेच ती बिनपायांची, हिरवट, शेंबडासारखी अळी दिसली की अंगठ्याखाली चिरडायची. पानांचं वाटोळं तीच करते अशी माझी पक्की समजूत, आणि त्या अंगठ्याचा मला केवढा अभिमान! तू चष्म्याच्या दुकानात कामाला निघाली होतीस, पर्स खांद्याला होती, आणि सरळ येऊन माझं मनगट धरलंस. सासऱ्याचं मनगट धरणारी सून मी पहिल्यांदाच पाहिली. म्हणालीस, “थांबा ना. आधी ती काय करते ते बघा, मग हवं तर मारा.”

मला उलट्या क्रेटवर बसवलंस आणि हातात भिंग दिलंस. त्या अळीला ना डोळे ना पाय. पुढचं निमुळतं टोक इकडून तिकडे फिरवत चाचपडत होती. मावा तोंडाला लागला तशी तिने तो धरला, अंग उंचावून पानावरून अलगद वर उचलला आणि तसाच अधांतरी धरून चोखला. रिकामं टरफल टाकलं आणि दुसऱ्याच्या शोधाला लागली. उभी हयात क्रेनवर काढलेल्या माणसाला त्या उचलण्याचं कौतुक वाटणार नाही तर कुणाला? चहा गार झाला म्हणून ही ओरडत होती आणि मी जागचा हललो नाही. मग तू तिची आई दाखवलीस, हवेत एका जागी थांबून राहणारी, नारिंगी-काळ्या पट्ट्यांची. गांधीलमाशी समजून आम्ही तिला चपलेने मारत आलो होतो. तू सांगितलंस, ही सिरफिड माशी, हिला नांगीच नाही, नुसतं सोंग आहे. तिला फुलं लागतात म्हणून तू कोथिंबिरीची एक ओळ कापू दिली नाहीस, तेव्हा हिने तुझ्याशी अबोला धरला होता. नंतर हिनेच त्या माश्यांचं नाव ठेवलं, पोरीची माणसं. तरी मावा फार वाढला की माझा हात फवारणीच्या पंपाकडे जायचाच.

यंदा मावा असा आला की शेंडे काळे दिसायला लागले. हिने पंप कपाटात घालून किल्ली कमरेला लावली. मी रोज तुझं भिंग घेऊन क्रेटवर बसायचो. जाताना ते खिडकीत विसरलीस की ठेवून गेलीस, ते मी विचारणार नाही. हाताला नुसती खाज सुटायची, काहीतरी करायला हवं असं वाटायचं. मग एका सकाळी माव्याच्या गर्दीत पांढरी, तांदळाच्या कणीएवढी अंडी दिसली. पाठोपाठ अळ्या आल्या आणि जेवायला बसल्या. त्यात हिने एक गोंधळ घातला. पानांना थेंबासारखे कोष चिकटलेले, ते घाण समजून फडक्याने सगळे पुसून काढले. मी कपाळाला हात लावला. कळल्यावर हिचा चेहरा उतरला. फडक्यातून एकेक कोष वेचून तिने बशीत ठेवला आणि ती बशी स्वयंपाकघराच्या खिडकीत. पुढच्या आठवड्यात एक माशी हिच्या नाकासमोर येऊन थांबली. ही तिच्याशी चक्क बोलली. काय बोलली ते मला सांगत नाही.

मिरच्या तरारल्यात. माझा श्वास चालू आहे. दोन्ही तुझ्यामुळे, आणि हे तुला तोंडाने कधी सांगितलं नव्हतं.

आता माझा प्रश्न. परवा तुझा निरोप आला, हिने मोठ्याने वाचला. “काका, श्वास कसा आहे?” हिने पुन्हा एकदा वाचून बघितला, फोन पालथा ठेवला आणि घासलेलीच भांडी घासायला घेतली. इतकी वर्षं बाबा म्हणत होतीस, पोरी. तुला वाटलं असेल, आता तो हक्क राहिला नाही. असं तुला कुणी सांगितलं? तुमचं नातं तुम्हा दोघांच्या सह्यांनी जुळलं आणि तसंच सुटलं. माझी सही कुणी घेतलेली नाही, आणि मागितली तरी मी देणार नाही. मुलाला हे सांगितलंय. तो म्हणाला, तिला तसं कळवा तरी. म्हणून कळवतोय. सवड होईल तेव्हा ये. मागच्या दाराने आलीस तरी चालेल, बाबा म्हणून हाक मार, मी ओ देईन.

तुझाच,
बाबा