दोन्ही फळ्या डाव्या

२ जानेवारी, शुक्रवार

आली एकदाची ती मशीन! राउटर, लाकडात खाचा कोरणारी. खोक्यातून काढून साहेबांनी आधी देवासमोर ठेवली, हळदकुंकू वाहिलं. इतक्या प्रेमाने ह्यांनी कधी माझ्याकडे पाहिल्याचं आठवत नाही.

तर आतला जिना हे स्वतः करणार. सागवानी. कवडू मिस्त्री माप घ्यायला आला होता, त्याला चहा पाजून वाटेला लावलं. वर हे म्हणतात, "खापरखेड्यात बॉयलर सांभाळला म्या. जिना काय चीज आहे!" वीजकेंद्रात बॉयलरला हाताखाली माणसांची फौज होती, ते सांगायचं राहिलं.

मला फक्त वरची खोली पाहिजे. मार्चपासून दहावीची भूमितीची बॅच तिथे घ्यायची आहे. बाहेरच्या लोखंडी शिडीवरून कोणते आईबाप पोरांना चढू देतील? सगळी नोकरी क्वार्टरच्या स्वयंपाकघरात पेपर तपासण्यात गेली. आता एक खोली, एक फळा, आणि लावून घ्यायला एक दार. बस.

६ जानेवारी, मंगळवार

दिवसभर व्हिडिओ. तो गोरा इंग्रजीत बोलतो, हे मान डोलावतात. कळतं किती, देव जाणे.

मग मला शिकवायला बसले. मला! म्हणे बाजूला दोन लांब फळ्या, त्यांच्या आतल्या अंगाला खाचा, खाचांत पायऱ्या बसतात. प्रत्येक खाच हाताने कोरायची नाही. प्लायचा एक फर्मा करायचा, मधे पायरीच्या आकाराचं भोक. तो फळीवर आवळायचा, मशीन भोकाच्या कडेकडेने फिरवायची, मग फर्मा पुढच्या खुणेवर सरकवायचा. "याले जिग म्हणतात. एकदा फर्मा बरोबर झाला का चुकायची सोयच नाही वं!"

असं म्हणणारे विद्यार्थी मी खूप पाहिलेत. सगळे पूरक परीक्षेला बसले.

१० जानेवारी, शनिवार

भुसा. पडद्यावर भुसा, वरणात भुसा, माझ्या चष्म्याच्या डबीत भुसा!

१३ जानेवारी, मंगळवार

पहिली फळी झाली. हे आंघोळीला गेले तेव्हा खाचांतून बोट फिरवून पाहिलं. कुठे खोट काढावी म्हटलं तर सापडेना. बोलले नाही — उगाच फुगायचे.

१५ जानेवारी, गुरुवार

आज दुसरी फळी. चहा द्यायला पोर्चमध्ये गेले, बघते तर फर्मा परवासारखाच ठेवलेला! अहो, तो उलटा करायला नको? जिन्याच्या दोन बाजू म्हणजे चपलेचा जोड — एक डावी, एक उजवी. आठवीचं पोरगं सांगेल. आणि साहेब नाकाला रुमाल बांधून खुशाल दुसरी डावी कोरून राहिलेत!

पहिलीच खाच चालू होती. तेव्हाच बोलले असते तर फळी वाचली असती. चहा कठड्यावर ठेवला आणि आत आले. चुकायची सोयच नाही ना? होऊ दे मग.

दुपारभर मशीनची घरघर ऐकत मटार सोलले. इथे खोटं कशाला लिहू — मजा आली.

१६ जानेवारी, शुक्रवार

संध्याकाळी दोन्ही फळ्या समोरासमोर उभ्या केल्या. एक चढते, दुसरी उतरते. हे कितीतरी वेळ बघत राहिले. एकदा इकडून, एकदा तिकडून. मग फरशीवरच बसले.

जेवताना मी मुद्दाम विचारलं, "काय झालं हो?"

"काही नाही. लाकूड वाया गेलं."

हसू आवरायला ताकाचा पेला तोंडाला लावला.

२१ जानेवारी, बुधवार

आज आमच्याकडे हळदीकुंकू. बायका भरपूर आल्या. धरमपेठेहून यमुताईही — ह्यांच्या मोठ्या बहीण. बसल्याबसल्या सुरू झाल्या, "आमच्या देवाजीच्या हातात लय कसब आहे बरं!"

मला राहवलं नाही. दोन्ही फळ्या एकेक करून ओढत बैठकीत आणल्या, समोरासमोर उभ्या केल्या. "हे बघा कसब! साहेब दोन्ही पायांत डावीच चपल घालून निघाले!" काय हसल्या सगळ्या!

शेजारची कामिनी म्हणाली, "पण काकू, तुम्ही तर भूमिती शिकवता. तुम्हाले नाही दिसलं?"

"दिसलं ना! पहिल्याच खाचेला दिसलं. म्हटलं, होऊन जाऊ दे पूर्ण!"

आणखी हशा. यमुताई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या दाराकडे बघत होत्या. दारात हे उभे. बायकांसाठी आणखी दूध आणायला मीच पाठवलं होतं.

सगळ्या गेल्यावर ह्यांनी विचारलं, "तुले दिसलं होतं?"

"हो. गंमत हो!"

"पहिल्याच खाचेले?"

मी वाणाच्या वाट्या गोळा करायला लागले. ह्यांनी दोन्ही फळ्या उचलून बाहेर नेल्या. एवढ्यातेवढ्याला रुसणारा माणूस! आणि मिजास बॉयलरची!

२४ जानेवारी, शनिवार

नवी फळी आली. रुसवा चालू आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार

हल्ली व्हिडिओ आवाज बंद करून बघतात. बढाई नाही, शिकवणी नाही. चहा नेला की "ठेव." पायऱ्यांखाली त्या पाचरी कशाला ठोकता म्हणून विचारलं — उत्तर मला ठाऊक होतं, तरी विचारलं. म्हणाले, "घट्ट बसाव्या म्हणून." संपलं.

"फर्मा उलटा केलात ना या वेळी?" असा टोमणाही मारून पाहिला.

"केला."

चिडले असते तर बरं वाटलं असतं. गेल्या वर्षी नळाच्या वायसरवरून आम्ही आठवडाभर भांडलो होतो. जेवण कसं छान पचायचं!

१९ फेब्रुवारी, गुरुवार

जिना उभा राहिला. चढून पाहिलं. हलत नाही, कुरकुरत नाही, पाय आपोआप पुढच्या पायरीवर पडतो. कवडू मिस्त्रीलाही इतका साधला नसता. हे इथेच लिहिते. तोंडावर सांगितलं तर सगळ्या मनीषनगरात जिने लावत फिरतील!

यमुताईंचा फोन. "त्याले एकदा तरी चांगलं म्हन वं, शोभा." म्हणेन की. घाई काय आहे? खोली तर आता माझीच आहे. ह्यांनी वर ट्यूबलाइट लावून दिली, न सांगता. रविवारी फळा लावायचाय.

२२ फेब्रुवारी, रविवार

यमुताईंबरोबर देवळात जाऊन दुपारी परतले, तशीच वर गेले. फळा लागलेला होता, बरोबर माझ्या उंचीला. आणि खिडकीखाली माझी खाट. माझी गादी, माझी शाल, माझ्या गुडघ्याच्या गोळ्या, साड्यांची पेटी. सगळं नीट मांडलेलं.

खाली येऊन विचारलं, "हे काय?"

"तुले खोली पाहिजे होती ना. घे. पूर्ण तुझी."

टोमणा असता तर मी सवाई उत्तर दिलं असतं. टोमणा नव्हता.