डेंटरच्या मुलीची गाडी

प्रिय भिंगरी,

परवा तू फोन ठेवला नाहीस, आपटलास. माझा कान अजून गरम आहे. तुझं मागणं केवढंसं होतं! शनिवारी ती निळी गाडी बघायला जायचंय, बाबा, सोबत चला, एवढंच. आणि मी म्हणालो, मला काम आहे. शनिवारी माझं गॅरेज बंद असतं हे तुला माहीत, तुझ्या आईला माहीत, समोरच्या दुकानातल्या मांजरालाही माहीत. थाप मारावी तर निदान पचेल अशी तरी मारावी. ती अक्कल मला या वयातही आलेली नाही.

तू का चिडलीस ते मला कळतं गं. दवाखाना सुरू केल्यापासून ना धड कुठे फिरायला गेलीस, ना हौसेचं काही घेतलंस. सगळं साठवलंस ते या गाडीसाठी. गाडीही साधी नाही, परदेशातून आलेली, आधी कुणीतरी वापरलेली, दोनच सीटची स्पोर्ट्स कार. असल्या गाडीत फसलं माणूस तर गाडी दारात उभी आणि कष्ट पाण्यात. म्हणून तुला शेजारी बाप हवा होता. जन्मभर गाड्यांचे पत्रे ठोकणारा बाप असताना मुलीने एकटीने का जावं? तुझ्या जागी मी असतो तर फोन नुसता आपटला नसता, फेकला असता. तरीही मी येणार नाही. का, ते सांगतो, पण आधी गाडी कशी बघायची ते नीट वाच. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हा कागदाचा खटाटोप.

तुझ्या आईने अबोला धरलाय. चहा मिळतो, पण कप असा आदळते की निम्मा बशीत. जे काही सुनवायचं ते खिडकीतल्या कुंडीला सुनवते. काही लोकांना म्हणे हातातली कला स्वतःच्या पोरीसाठी वापरायला जिवावर येतं. कुंडी बिचारी ऐकून घेते, मीही ऐकून घेतो. बाकी तिचा त्या गाडीवर वेगळाच राग आहे. दोनच सीट, मग आम्ही दोघांनी बसायचं कुठे, टपावर? मी म्हणालो, टपही निघतो म्हणे त्या गाडीचा. तेव्हापासून तर कुंडीशीसुद्धा बोलणं बंद.

तर ऐक. जायचं ते उजेडी आणि कोरड्या दिवशी. गाडी नुकतीच धुतलेली असेल तर सरळ सांग की वाळू दे, मी थांबते. ओल्या गाडीवर ओरखडे दिसत नाहीत, सगळ्याच गाड्या देखण्या दिसतात. आणि आदल्या दिवशीच बजावून ठेव की मी येईपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. तिथे गेल्या गेल्या बॉनेटवर तळहात ठेव. कोमट लागलं तर समज, मालकाने सकाळीच गाडी तापवून ठेवलीय आणि थंड इंजिन कसं सुरू होतं ते तुला दिसू द्यायचं नाहीये. मग निवांत बस, गार होऊ दे. सुरू झाल्यावर मागे जाऊन धूर बघ. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल पितंय. पांढरा असेल आणि थांबतच नसेल, तर पाणी नको तिथे शिरलंय. दोन्हीपैकी काहीही दिसलं तर पर्स उचलायची आणि निघायचं.

आता पत्रा. इथे मी जरा मिरवणार, ऐकून घ्यायचं. सगळ्या धंद्यांत आमच्या धंद्याला नाव मिळालं डेंटर, आणि त्याच डेंटरची मुलगी झाली डेंटिस्ट. तू पास झालीस त्या दिवशी मी गल्लीभर पेढे वाटावेत तसा हा विनोद वाटत फिरलो होतो. त्या लग्नातलं आठवतं ना? मी एका गृहस्थांना डेंटर आहे म्हणून सांगितलं, त्यांना ऐकू आलं डेंटिस्ट, आणि त्यांनी पंगतीतच आ करून मला दाढ दाखवली. मी बघितली हो. म्हटलं, गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं? मग सांगितलं की आज हातोडी घरी राहिलीय, पण माझी मुलगी बघेल. ते खरंच तुझ्याकडे आले आणि अजून येतात.

तर दाढ आणि दार यांत फारसा फरक नाही. आम्ही ठोकलेल्या पत्र्यावर जो लगदा भरून घासतो, त्याला लांबी म्हणतात हे तू बोलायला लागल्यापासून ऐकतेस. आपल्या घरात तर कुणी थापा मारायला लागलं की आई म्हणते, भरली याने लांबी. गाडीला लांबी जितकी जास्त, तितकं तिचं पुढचं आयुष्य आखूड. ती ओळखायची कशी? तू दातावर टकटक करून आवाज ऐकतेस ना, तसंच. बोटाच्या पेराने दारावर वाजवत जा. कोरा पत्रा टणटणतो, लांबी भरलेला बद्द बोलतो. मग डोळे मिटून तळहात फिरव. डोळ्याला रंग फसवतो, हाताला नाही. चुंबकही ने, फडक्यात गुंडाळून, नाहीतर नवा ओरखडा तूच पाडशील. पण एक लक्षात ठेव. असल्या गाड्यांचं बॉनेट, कधीकधी दारंही, अॅल्युमिनियमची असतात, तिथे चुंबक चिकटत नाही. तेवढ्यावरून घाबरून गाडीला नावं ठेवू नकोस. उजव्या दाराला चिकटलं आणि डाव्याला नाही, असं झालं तर मात्र भुवई वर जाऊ दे.

दारं आणि बॉनेट यांमधल्या फटी बघ, वरपासून खालपर्यंत सारख्या हव्यात. तुझी आई कणकेचे गोळे करताना जी नजर लावते ती लाव. बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट बघ. त्यांच्या डोक्यावरचा रंग उडालेला असेल तर पान्याने कधीतरी ते उघडलेत. कशासाठी, ते विचार. सगळ्या काचांच्या कोपऱ्यात छोटे शिक्के असतात. एकच काच वेगळ्या वर्षाची निघाली तर ती फुटली होती. फुटली ती वाऱ्याने नक्कीच नाही. आणि तुझा तो दांडीला लावलेला इवलासा आरसा, दाढेच्या मागे बघायचा, तो घेऊन जाच. चाकाच्या वरच्या पोकळीत, दाराच्या खालच्या कडेत घालून बघ. बर्फाच्या देशांत रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीच्या पोटात बसून गंज धरतं. वरून नवरी, खालून चाळण. गाडी उचलून पोट बघितल्याशिवाय होकार द्यायचा नाही. उचलायची सोय नाही असं म्हणाला तर म्हण, माझ्या ओळखीत आहे, चला. माझं गॅरेज आहेच.

परदेशी गाडीचे आणखी दोन नखरे असतात. मीटरचा आकडा मैलांचा की किलोमीटरचा, ते आधी बघ. तुझ्या मामाने ती जीप घेतली तेव्हा किती कमी चाललीय म्हणून अंगणात नाचला होता. नाचून झाल्यावर मी त्याला आकड्याखालचं अक्षर दाखवलं. मामा सोबत यायला तयार आहे असं कळलं. त्याला नेऊ नकोस, तो गाडी बघायची सोडून सीटच्या कव्हरचा भाव करेल. दुसरा नखरा स्टिअरिंगचा. काही गाड्या मुळात दुसऱ्या बाजूने चालवायच्या असतात आणि इकडे आणल्यावर कुणीतरी स्टिअरिंग उचलून या बाजूला बसवलेलं असतं. काम चांगलं असेल तर बघून कळतही नाही. वायपर लावून बघ. तुझ्यासमोरचा कोपरा न पुसता शेजारच्याची काच चकाचक पुसत असेल, तर हे स्टिअरिंग पाहुणं आहे. दिवे भिंतीवर पाडून बघ, उजेड रस्त्याच्या कडेकडे चढायला हवा, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत नाही. अशी बदललेली गाडी फुकट दिली तरी घेऊ नकोस. ज्या जोडावर तुझे हात आणि तुझा जीव राहणार, तो कुणी जोडलाय हे आपल्याला माहीत हवं.

आत बसलीस की आधी नाक वापर. भारी अत्तराचा वास आला तर कशाचा वास झाकलाय ते शोध. सीटबेल्ट पुरा बाहेर ओढ, अगदी शेवटपर्यंत. पुरात बुडालेल्या गाडीचा सगळा गाळ धुतात, पण बेल्टचं शेवटचं टोक धुवायचं कुणाच्याच डोक्यात येत नाही. ब्रेकच्या पायपट्टीचं रबर गुळगुळीत झालेलं आणि मीटर मात्र कोवळा आकडा दाखवतोय असं दिसलं, तर कोण खोटं बोलतंय ते उघड आहे. रबर खोटं बोलत नाही. चासीचा नंबर कागदावरच्या नंबराशी एकेक अक्षर जुळवून बघ, आयातीचा कर भरल्याची मूळ पावती माग. झेरॉक्स नको. चालवताना रेडिओ बंद, त्या माणसाचं तोंड बंद. दुसरा गिअर टाकताना खरखरली तर आतले दात गेलेत, आणि दातांचं मी तुला काय सांगायचं! सरळ रस्त्यावर क्षणभर हात सैल सोड, गाडी एका बाजूला ओढते का बघ. शेवटी विचार की का विकताय. आणि विचारून गप्प बस. गप्प बसलेल्या माणसासमोर विकणारा जास्त बोलतो.

हे लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की यातलं निम्मं तू रोजच करतेस. टकटक ऐकतेस, आरसा घालतेस, वरून पांढरं दिसणारं आतून किडलंय का ते शोधतेस, आणि समोरचा माणूस, मी तर गोड खातच नाही, अशी शपथ घेत असताना त्याच्या दाढेवर विश्वास ठेवतेस. कॉलेजात तुझा पहिला पेशंट मीच होतो. तू माझी किडलेली दाढ सिमेंटने बुजवलीस आणि मी खुर्चीचे दोन्ही हात उपटायचे तेवढे बाकी ठेवले. ते सिमेंट आजही जसंच्या तसं आहे. रंगाचा माल घेऊन येणाऱ्यालासुद्धा मी आ करून दाखवतो की हे काम माझ्या मुलीचं, कुठे फट दिसते का सांग. तो वैतागतो, पण बघतो. माझ्या हाताखालून एवढ्या गाड्या गेल्या, एकही अशी बेमालूम बुजवता आली नाही मला. हे तुला तोंडावर कधी बोललो नाही, कारण तू लगेच माझी खेचली असतीस. आता लिहिलंय, खेच हवी तेवढी.

आता येत का नाही ते. गेल्या बुधवारी, तुझा तो फोन यायच्या आधीच, तुझ्या आईला रंग आणायला जातो म्हणून सांगितलं आणि दोन बस बदलून त्या गाडीवाल्याकडे गेलो. तुझा शनिवारचा बेत तिच्याकडूनच कळला होता, राहवेना. गाडी शेडखाली उभी होती. काय निळा रंग आहे गं! मी हात पुढे केला, दारापासून वीतभर अंतर राहिलं असेल, तेवढ्यात तो मालक बाहेर आला. मी म्हणालो, शनिवारी माझी मुलगी येणार आहे ही बघायला. त्याचा चेहराच खुलला. माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, काका, तुम्हीही याच, आपण दोघं बसून मिटवून टाकू, ताईंना तोवर आत पंख्याखाली बसवू, त्यांना रंग आवडला म्हणजे झालं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण खरं सांगू? मला तिथेच शनिवार दिसला. मी आलो असतो तर त्याने बॉनेट माझ्यासमोर उघडलं असतं, किल्ली माझ्या हातात दिली असती, तुझ्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे बघून दिली असती, आणि तू स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या गाडीच्या व्यवहारात पर्स धरून कडेला उभी राहिली असतीस. पुढे जन्मभर लोक म्हणाले असते, बापाने निवडून दिली. मी हात खिशात घातला आणि परत फिरलो. गाडीला बोटसुद्धा लावलेलं नाही, त्यामुळे ती चांगली की वाईट हे मला विचारू नकोस, मला माहीत नाही. ते तू मला सांगायचंस. घेतलीस तरी अभिमान, नाकारून आलीस तरी तेवढाच अभिमान. हे पत्र आधी तुझ्या आईला वाचायला देतो, मग पाकीट बंद करतो, म्हणजे उद्याचा चहा तरी कपात मिळेल. आणि माझ्यावरचा तुझा राग आत्ताच खर्च करू नकोस. शनिवारपर्यंत जपून ठेव, तिथे उपयोगी पडेल.

तुझाच, शनिवारी घरात येरझाऱ्या घालणारा,
बाबा