बांड्या पुलाखाली अडकलाय

प्रिय धने,

घरात फोन असताना आजी कागद का खरडती, असं तुला वाटंल. फोनवर तू मधीच रडायला लागतीस आन् माझं बोलणं राहून जातं. कागदावर मला कुणी अडवत न्हाई. अक्षर मोठं काढलंय आन् ओळी उताराला लागल्यात, त्याला हसू नगं. साक्षरतेच्या वर्गात बाईंनी शिकवलं तेवढंच माझं शिक्षण, आन् त्यावर जन्मभर खुरपं धरलेला हात.

तू पाठवलेली चित्रांची पुस्तकं पोचली. एवढी रंगीत पुस्तकं बघून तुझी आई म्हणाली, आता म्हातारा-म्हातारी बालवाडीत जाणार. मी म्हणलं, जातो की, तिथं खिचडी तरी टायमावर मिळंल. त्यावर ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली न्हाई. बरंच झालं, घर शांत होतं.

आबांचं तुला ठावंच हाय. त्या तापात कान गेले ते गेलेच. शिरूरच्या डॉक्टरनं मशीन लावून बघितलं, त्यात त्यांना नुसती शिट्टी ऐकू आली. शेजारी कुणी भाकरी थापली तरी ह्यांना पत्ता न्हाई. तू ल्हान होतीस तवा शाळेतनं आली की दप्तर फेकून आबांच्या मांडीला चिकटायचीस आन् दोघं मिळून टीव्हीवर ते हिंदीत बोलणारे परदेशी पिक्चर बघत बसायचा. कुणी उडतंय, कुणी भिंतीतनं आरपार जातंय, कुणाच्या हातातनं जाळ निघतोय. आबांना प्रत्येकाचं बळ आन् प्रत्येकाची खोड पाठ होती. तू पुण्याला नोकरीला गेलीस तरी त्यांनी ते बघायचं सोडलं न्हाई. कान गेल्यावर आठ-पंधरा दिवस टीव्हीपुढं बसले, मग रिमोट माझ्या हातात दिला आन् म्हणले, मुक्या माणसांची मारामारी किती बघायची. त्या दिवशी भिंतीकडं तोंड करून निजले ते निजलेच. भाकरी तशीच परत यायची. मागं तू आलीस तवा तू हाक मारलीस, त्यांनी मान वळवली न्हाई, आन् तू रडत दुपारच्या एसटीनं माघारी गेलीस. धने, ते रुसले नव्हते. त्यांना हाक पोचलीच नव्हती. आन् मला खरी भीती भाकरीची होती. आपल्या कळपातलं जनावर चारा सोडून कडंला बसलं की ते फार दिवस काढत नसतं, हे मी लै वेळा बघितलंय.

म्हणून तुझी पुस्तकं उघडली. पयल्यांदा तर मी तुला मनापासनं शिव्या दिल्या. पिक्चर कसा, सुरू झाला की संपतो. इथं एका पुस्तकावर लिहिलंय चौदावा भाग, दुसऱ्यावर तिसरा, आन् तिसऱ्यावर पुन्हा पयला. एकात मेलेला माणूस दुसऱ्यात चहा पितोय. पिक्चरमधे ज्याची बायको होती, ती इथं त्याची वैरीण. तुला फोन करून इचारलं तर तू म्हणलीस, आजी, ह्याला सुरुवात अशी नसतीच, आवडंल तिथनं धर. मला वाटलं ही पोरगी पुस्तकं फुटपाथवरनं उचलून आणती आन् वर मलाच शिकवती. पण आबांना मी तो घोळ बोटं दाखवून समजावला तवा ते जरासुद्धा चक्रावले न्हाईत. म्हणले, अगं, आपली धनगरी ओवी अशीच असती. राहू गावचा गाणारा बिरोबाला एका वाटेनं आणतो, मांडवगणचा दुसऱ्या वाटेनं. आपण म्हणतो का कुठला खरा? जिथं बसलो तिथनं ऐकायचं. मग त्यांनी सगळ्या पुस्तकांतनं एकच गडी निवडला, ज्याचा अंगरखा निम्मा काळा, निम्मा पांढरा. त्याचं छापील नाव माझ्या जिभेला झेपत न्हाई. आबांनी त्याचं नाव बांड्या ठेवलं.

बांड्या तुला आठवणार न्हाई, तुझ्या जन्माआधीचा हाय. आपला गळ्यात घंटा बांधलेला काळा-पांढरा एडका. मेंढरं घेऊन आम्ही कोकणात उतरायचो तवा सगळा कळप त्याच्या घंटेमागं चालायचा. एक आंधळी मेंढी होती, तिला खाटकाला द्यायला आबा तयार न्हवते. ती बांड्याच्या घंटेवर घाट चढायची आन् उतरायची. कुठं ठेचाळली न्हाई. तर तो बांड्या.

आता अडचण बघ. वाचायला येतं मला, आन् मी वाचलेलं त्यांना ऐकू येत न्हाई. त्यांना चित्र दिसतं, पण अक्षर वळखत न्हाई. दोघं पुस्तक मधी धरून एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलो. मग माझा हात आपसूक वर गेला. मेंढरामागं असताना ते कळपाबरोबर, मी घोड्यावर बिऱ्हाड लादून म्होरं, मधी दोन-दोन डोंगर. हाक कुठली पोचतीय. तवा घोंगडी हलवून, काठी आडवी धरून आम्ही बोलायचो. पाणी हाय, पाणी न्हाई. थांब. गोळा कर. लांडगा हाय. कोकरू चुकलं. त्याच खुणा मी खाटंजवळ बसून करायला लागले. पुस्तकातला दुष्ट माणूस दोन पानं नुसता बोलत असतो, सगळ्या जगाचं मी असं करीन आन् तसं करीन. त्याला मी एकच खूण करते, लांडगा भुकेला हाय. बास, पुढचं पान. बांड्या आन् त्याची ती बाई गच्चीवर उभी राहून जे करत्यात त्याला आपल्यात खूण न्हाई. तिथं मी पान उलटायला जाते आन् आबा माझा हात धरून ठेवत्यात. म्हातारा बहिरा झालाय, बाकी काय झालेलं न्हाई त्याला.

तू फोनवर सांगितलेलं मला उपयोगी पडलं, की ढगासारखा फुगा म्हंजी मनातलं आन् काटेरी फुगा म्हंजी वरडणं. पण खरी गंमत तू सांगितलीच न्हाईस. ह्या पुस्तकात आवाज काढलेला असतो. भिंत पडली की भिंतीएवढ्या अक्षरात धडाम, तांबडं आन् पिवळं. आबांनी त्यावर बोट ठेवून मला इचारलं, हे काय. मी दोन्ही तळवे त्यांच्या छातीवर आपटले. ते हसले. तापानंतर पयल्यांदा हसले. मग प्रत्येक पानात धडाम कुठं हाय ते आधी शोधायला लागले आन् सापडलं की स्वतःच मोठ्यानं वरडायला लागले. शेजारची सखूबाई इचारून गेली, भांडताय का. त्या दिवशी त्यांनी अख्खी भाकरी खाल्ली आन् वर दूध मागितलं. हे मी तुला फोनवर सांगितलं न्हाई, कारण तू रडली असतीस.

आता पुस्तकांविषयी एक तक्रार. छापणारे लबाडी करत्यात. मधली चित्रं चांगली छापायची आन् कडंची दडवायची. मी आपली वाचत जाते आन् आबा माझं बोट धरून कडंला नेत्यात, म्हणत्यात, कुशे, हे घर राहिलं. बघते तर तिथं चौकट असती. पयल्यांदा वाटलं, घाईत सुटली असंल. मग दर पानाला सुटायला लागली. अलीकडं छपाई बी काळी येती, जणू दिवस मावळल्यावर छापत्यात. चुलीकडनं येताना दुधाचं पातेलं पायानं उडालं, ते कुणीतरी वाटंत ठेवलं होतं असं मी तुझ्या आईला सुनावलं. तिनं ते कायम ठेवती तिथंच ठेवलं होतं. तुझा बाप मल्हारी म्हणला, आई, चालताना बघत जा. मी म्हणलं, तू बोलताना बघत जा. पण दुसऱ्याच दिवशी तो मला गाडीवर घालून दौंडला घेऊन गेला.

तुझं शेवटचं पुस्तक आम्ही वाचून संपवलं. त्यात नदीवरचा पूल पडतो, खाली माणसं असत्यात, आन् बांड्या पूल पाठीवर झेलतो. शेवटच्या पानावर नुसता दगडांचा ढीग आन् त्यातनं बाहेर आलेला त्याचा हात. खाली लिहिलंय, पुढं काय झालं ते पुढच्या अंकात. आबा दररोज सकाळी काठी पुढं करून इचारत्यात, पुढं? चालायचं का थांबायचं? मी काठी आडवी धरते, थांबायचं. त्यांना वाटतं बांड्या मेला. कालपास्नं भाकरी निम्मीच खाल्ली. भिंतीकडं तोंड केलं न्हाई अजून, पण खाटंवर कड बदलली.

दौंडच्या डॉक्टरनं माझ्या डोळ्यात थेंब घालून, दिवा मारून बघितलं आन् मल्हारीला सांगितलं, काचबिंदू हाय, उशीर झालाय. कडा गेल्यात, त्या परत यायच्या न्हाईत. मधलं जे राहिलंय ते बी थोडं थोडं जाणार. ह्याला मोतीबिंदूसारखं कापून चालत न्हाई, थेंब टाकत बसायचं, म्हंजी जायचं ते सावकाश जाईल. छापणाऱ्यांना उगाच नावं ठेवली. आता आबांना हे सांगायचं कसं, ह्यावर मी लै दिवस इचार केला. लांडग्याला खूण हाय, पाण्याला हाय, चुकलेल्या कोकराला हाय. मला दिसंना झालंय, ह्याला आमच्यात खूणच न्हाई. डोंगरापलीकडच्या माणसाला कुणी ते कशाला सांगंल? म्हणून सांगितलंच न्हाई. आज सकाळी मी परसात होते आन् पाठीमागनं टण टण असा आवाज आला. वळख पटायला वेळ लागला न्हाई. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतनं त्यांनी बांड्याची घंटा काढलीय, घासून लख्ख केलीय आन् स्वतःच्या काठीला बांधलीय. त्यांना ती ऐकू येत न्हाई. दिवसभर घरभर टण टण करत हिंडत्यात, माझ्या म्होरं म्होरं, उंबरा आला की दोनदा आपटत्यात. माझं डोकं उठलंय. तरी मी आपली त्या घंटेमागनं चालते. धने, मला पुढचं पुस्तक वाचता येणार न्हाई, म्हणून हे लिहितीय. एका पुस्तकाला आता तीन माणसं लागणार. चित्र आबांनी बघायचं आन् काय दिसतं ते मला सांगायचं, अक्षर तू वाचायचं, खूण मी करायची. खुणा माझ्या हातात हायेत, त्याला डोळे लागत न्हाईत. बांड्या उठतो का न्हाई ते तुला ठावं असंल तर आधी सांगू नगं, ये आन् वाच. रडायचं असंल तर चौफुल्याला उतरून रडून घे, मग न्हावऱ्याच्या गाडीत बस. इथं तुझं रडणं एकाला ऐकू येणार न्हाई आन् एकीला दिसणार न्हाई, उगा वाया जाईल.

तुझीच, जिभेनं अजून धड असलेली,
कुशा आजी