'जोडीदार' रकान्यातील नोंद

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
कर्ब-घट शेती जोड योजना,
विभागीय कार्यालय.

विषय : जोडी क्रमांक सतरा यांच्या 'जोडीदार' रकान्यातील 'वैवाहिक' ही नोंद दुरुस्त करण्याबाबत.

संदर्भ : आपली गेल्या महिन्याच्या एकवीस तारखेची नोटीस.

महोदय,

"अहो शेतवाल्या बाई! काडी ओढू नका, माझ्या गाई बघताहेत!"

अकरा वर्षांपूर्वी बांधापलीकडून आलेली ही हाक सदर प्रकरणाचे मूळ असल्याने ती प्रथम नमूद करीत आहे. गहू निघाला होता आणि मागे राहिलेले काड जाळायला मी रानात उभी होते. हाक मारणारे गृहस्थ म्हणजे शेजारचे गोठेवाले. विधुर, नऊ गाईंचे धनी, आपल्या दप्तरी जोडी क्रमांक सतराचे पशु-शेतधारक. मी त्याच जोडीची पीक-शेतधारक, आईवडिलांमागे शेत एकटीने करणारी.

१. त्या दिवसापासून माझे काड त्यांच्या गोठ्यात गेले आणि त्यांचे शेण माझ्या रानात आले. उघड्यावर पडणारे शेण झाकल्या टाकीत जाऊ लागले, त्यातल्या गॅसवर दोन्ही घरचे दिवे लागले, टाकीत उरलेली मळी खत म्हणून माझ्या पिकाला मिळाली. विकतच्या खताची पोती निम्म्यावर आली, धूर तर बंदच झाला. आपल्या तपासण्यांत उत्सर्जन दर वर्षी घटल्याची नोंद आहेच. "तुमच्या धुराचं मी दूध करतो," असे ते म्हणत आणि रोज सकाळी बांधावर एक तांब्या ठेवून जात. त्या दुधाची नोंद आम्ही कोठेही केली नाही, त्याबद्दल क्षमस्व.

२. पुढे आपली योजना आली. अर्जात 'जोडीदाराचे नाव' असा रकाना होता. त्यांनी माझे नाव लिहिले, मी त्यांचे. नंतर दप्तर संगणकावर चढले, तेव्हा योजनेतल्या जोडीदाराचा संसारातला जोडीदार झाला. आपल्याकडून शुभेच्छापत्र आले : 'श्री. व सौ. जोडी क्रमांक सतरा यांस.' ते वाचून गोठेवाले इतके हसले की हातातली बादली लवंडली. म्हणाले, "उद्या जातो आणि दुरुस्त करून येतो." उद्या-उद्या करीत तीन वर्षे गेली. मीही आठवण करून दिली नाही.

३. गेल्या हंगामात ते गोठ्यातच कोसळले. त्यांना शेवटचे नेताना मी पुढे झाले, तेव्हा त्यांची बहीण हळूच म्हणाली, "बाई, जरा मागे थांबता का? घरच्यांना पुढे येऊ द्या." तिचे काही चुकले नाही. मी मागे थांबले. पंधरा दिवसांनी ट्रक आला आणि गाई बहिणीकडे गेल्या. म्हातारी गाय काही केल्या फळीवर चढेना. शेवटी मी हाक दिली, तशी मुकाट्याने चढली. हे मला फार लागले आहे. परंतु तो या अर्जाचा विषय नाही.

४. त्यानंतर तपासनीस आले. दोन घरे, दोन चुली आणि मध्ये बांध पाहून त्यांनी शेरा दिला : 'वैवाहिक नोंद खोटी.' पंधरा दिवसांत दुरुस्तीचा अर्ज न आल्यास नोंद आपोआप रद्द होईल, अशी आपली नोटीस आली, म्हणून मी कार्यालयात समक्ष आले. खिडकीवरचे कारकून भले गृहस्थ. म्हणाले, "आजी, दुरुस्तीला दोघांच्या सह्या लागतात." एक वारले, असे मी सांगितले. "मग त्यांचा अंगठा चालेल." अंगठाही त्यांच्याबरोबरच गेला, असे सांगितल्यावर बिचारे ओशाळले. मग मीच विचारले, दुरुस्त झाल्यावर त्या रकान्यात काय येईल? संगणकाच्या पडद्याकडे पाहून ते म्हणाले, "तीनच पर्याय आहेत. वैवाहिक, रक्ताचे, संबंध नाही. तुमचं 'संबंध नाही' येईल."

महोदय, अकरा वर्षे ज्यांच्या गोठ्यातल्या खोकल्यावरून मी त्यांची तब्येत ओळखली, त्यांच्याशी माझा संबंध नाही, असे आपले यंत्र लिहिणार आहे.

५. निघताना कारकुनांनी आणखी एक नियम सांगितला. एकदा फेटाळलेला अर्ज पुन्हा उघडत नाही आणि नोंद आहे तशी कायम राहते. म्हणून हा अर्ज मी मुदतीत, परंतु एकाच सहीने, जाणूनबुजून अपुरा दाखल करीत आहे. आपण तो फेटाळावा, ही हात जोडून विनंती.

एक गोष्ट मी कारकुनांनाही सांगितली नाही. शुभेच्छापत्र आले त्या दिवशी हसून झाल्यावर गोठेवाले बांधावर उभेच राहिले होते. मी काही बोलेन, याची वाट पाहत असावेत. मी म्हटले, "भाजी करपेल," आणि घरी आले. चुलीवर तेव्हा काहीच नव्हते. त्यांना जे सांगायचे राहिले, ते आता आपल्याला लेखी कळवते. आपली नोंद चुकलेली नाही. माझ्याकडून ती खरी होती.

नकाराची वाट पाहणारी,
आपली नम्र,

(सही)
पीक-शेतधारक, जोडी क्रमांक सतरा

जोडीदाराची सही : ____________

दिनांक : मुदतीचा शेवटचा दिवस