स्क्रीन बनवा नावाचं बटण

३ सप्टेंबर २००७, सोमवार. सकाळी ९.४०
ऑफिसात माझ्याआधी फक्त बनाबाई. त्या फरशी पुसतायत, म्हणून पाय खुर्चीवर घेऊन हे लिहितोय. आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद असलेली बरी, पुढं कुणी विचारलं तर सांगता येतं.
काम असं. कोडोलीच्या एका दूध संस्थेला संकलनाचं सॉफ्टवेअर हवंय. सभासद, लिटर, फॅट, पावती. एकूण चौदा स्क्रीन. मुहूर्त दसऱ्याचा, २१ ऑक्टोबर, सकाळचं संकलन. त्या दिवशी पहिल्या किटलीची नोंद वहीऐवजी कॉम्प्युटरवर. ऑफिसचे मालक आकाराम सर म्हणाले, श्रीशैल, हे तुझं. ऑफिसात प्रोग्रामर दोनच, मी आणि प्रियदर्शनी. ती माझ्याहून एक वर्ष ज्युनिअर.
सात आठवडे, चौदा स्क्रीन. आरामात.

३ सप्टेंबर, संध्याकाळ
गडहिंग्लजहून अप्पांचा फोन. आमचं तिथं भांड्यांचं दुकान आहे आणि अप्पा फोनवरही रस्त्यापलीकडच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असंच बोलतात. म्हणाले, दोन वर्षं झाली, तू नक्की करतोस काय ते अजून मला कुणाला सांगता येत नाही. मी कोडोलीचं सांगितलं. मग ठरलं. दुकानाची पूजा आदल्या दिवशी उरकून ते आणि अव्वा, माझी आई, माझ्या खोलीवर येणार आणि दसऱ्याला कोडोलीला. माझं काम चालताना डोळ्यांनी बघितलं, तर दुकानाचा विषय कायमचा बंद. नाही बघितलं, तर मी त्यांच्याबरोबर परत, दुकानात.
लगेच हो म्हणालो. इतक्या स्वस्तात सुटेन असं वाटलं नव्हतं.

५ सप्टेंबर
पहिला स्क्रीन झाला. सभासद नोंदणी. दीड दिवस गेला. लक्षात आलं की चौदाही स्क्रीनमध्ये तेच ते. चौकट, नाव, सेव्ह, रद्द. हे कारकुनी काम आहे, मी इंजिनिअर आहे.
आंघोळ करताना कल्पना सुचली. ज्या एडिटरमध्ये आपण कोड लिहितो, त्यातच आपलं स्वतःचं बटण बसवायचं. प्लगिन लिहून. बटणाचं नाव ‘स्क्रीन बनवा’. दाबलं की सगळा कोड आपोआप तयार. बटणाला तीन दिवस, पुढं रोज सात स्क्रीन, म्हणजे पुढच्या बुधवारी काम खलास. उरलेल्या वेळात काय करायचं हा प्रश्नच आहे.
प्रियदर्शनीला सांगितलं. ती म्हणाली, तेवढ्या वेळात हातानं होतील की. लहान आहे अजून.

७ सप्टेंबर, दुपार
बटण आलं. एडिटरच्या वरच्या पट्टीत, सेव्हच्या शेजारी, माझं बटण. कुणा परदेशातल्या माणसानं केलेल्या गोष्टीत राजारामपुरीतल्या ऑफिसात बसून आपण खिळा ठोकला असं वाटलं. सरांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, दाब की. म्हटलं, दाबलं जात नाही अजून, करडं आहे.

११ सप्टेंबर
बटणाला चित्र पाहिजे. चित्राशिवाय बटण म्हणजे नुसता चौकोन. दुधाचं काम म्हणून म्हैस. सोळा बाय सोळा ठिपक्यांत म्हैस बसवणं हे ज्यानं केलं त्यालाच कळेल. बनाबाईंना दाखवली, त्या म्हणाल्या, शेळी छान हाय. शिंगं वाढवली. आता त्या म्हणतात हरीण. उद्या परत.

१४ सप्टेंबर
बटण दाबलं जातं. काहीच होत नाही, पण दाबलं जातं. उद्यापासून गणपतीची सुट्टी, योग्य वेळी योग्य टप्पा गाठला.

१९ सप्टेंबर
एक विचित्र गोष्ट. एडिटर दर वेळी उघडला की बटण एकानं वाढतं. प्लगिन सुरू होताना बटण बसवतंय, बंद होताना काढत नाही, आणि एडिटर जुनी सगळी जपून ठेवतोय. त्यात रोज दोनदा वीज जाते, म्हणजे रोजची दोन बटणं महावितरणकडून. आज मोजली, एकवीस. एकवीस म्हशी एका ओळीत, सेव्हचं बटण त्यांच्यामागं कुठंतरी. सर म्हणाले, गोठा केलायस की रं. हसले. सर हसतात म्हणजे विश्वास आहे.

२४ सप्टेंबर
परदेशी फोरमवर प्रश्न टाकला. इंग्रजी नीट करण्यात सकाळ गेली. ‘प्रिय सर’ लिहावं की नुसतं ‘सर’ यावर बराच विचार केला.

२७ सप्टेंबर
उत्तर आलं. फिनलंडचा कुणीतरी आहे. विचारतोय, तुम्हाला हे नक्की कशासाठी हवंय?
जगात कुठंही जा, प्रियदर्शनी आहेच.

१ ऑक्टोबर
नवा महिना, नवा विचार. बटण ही मुळातच चुकीची दिशा होती. पाहिजे ते पॅनेल. एडिटरच्या उजव्या बाजूला उभी पट्टी, तिच्यात चौदा स्क्रीनची यादी, प्रत्येकापुढं टिक करायला चौकोन. झालं की टिक. कामाला शिस्त येईल. चार दिवस, फार तर पाच.

५ ऑक्टोबर
पॅनेल आलं. दिसायला देखणं. फक्त ते अर्ध्याहून जास्त स्क्रीन खातंय, कोडला चार बोटं जागा उरलीय. ओढून लहान होत नाही. बंद करायची फुली नाही, कारण फुली आपोआप येत नसते, ती वेगळी लिहावी लागते, हे आज कळलं.
सरांनी विचारलं, किती झालं. म्हटलं, ऐंशी टक्के. ते म्हणाले, चौदातले किती. म्हटलं, एक. सरांनी नंतर प्रियदर्शनीला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. बहुधा माझ्याकडून शिकून घे असं सांगितलं असेल.

१० ऑक्टोबर
निर्धार केला. प्लगिन बाजूला ठेवायचं, सगळं हातानं लिहायचं. संध्याकाळपर्यंत अर्धाही स्क्रीन झाला नाही. चार बोटांच्या फटीतून कोड लिहिता येत नाही. पॅनेल काढायला गेलो तर एडिटर म्हणतो हे वापरात आहे. एडिटर बंद करून काढायला गेलो तर सापडत नाही. परत उघडला तर आहे, आणि एक म्हैस जास्त.
आज पहिल्यांदा भीती वाटली. आपणच बसवलेली वस्तू आपलं ऐकत नाही, आणि सांगणार कुणाला? सरांना सांगावं तर पाच आठवड्यांचा हिशेब द्यावा लागेल. प्रियदर्शनीला सांगावं तर ती मदत करेल, ते तर त्याहून वाईट.

१६ ऑक्टोबर
बटण चाललं. दाबलं आणि झरझर कोड उमटला, पूर्ण स्क्रीन तयार. डोळ्यांत पाणी आलं.
सभासद नोंदणीचा स्क्रीन. जो माझा पाच सप्टेंबरलाच झालाय. फॅटसाठी दाबलं तरी सभासद नोंदणी, पावतीसाठी दाबलं तरी सभासद नोंदणी. आता माझ्याकडं सभासद नोंदणीचे चौदा स्क्रीन आहेत.
तेवढ्यात अप्पांचा फोन. त्यांनी नवी टोपी घेतली. गल्लीत सगळ्यांना सांगितलंय, पोराचं सॉफ्टवेअर सुरू होतंय म्हणून. सांगायचं मनात होतं. जमलं नाही. अव्वानं मागून विचारलं, कोडोलीत दुपारचं जेवण मिळतं का. म्हटलं, मिळतं.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार
शांतपणे विचार केला. घाबरण्यासारखं काही नाही. उद्या शनिवार, ऑफिसला सुट्टी, किल्ली माझ्याकडं. फोन नाही, सर नाहीत. सरांच्या मशीनवर पॅनेलही नाही, तिथं बसायचं. तेरा स्क्रीन, एकेकाला पन्नास मिनिटं, म्हणजे अकरा तास. सकाळी सातला सुरू. वेळापत्रक वहीत आखून ठेवलं, चहाची वेळ धरून.
प्रियदर्शनी जाता जाता सीडी लिहीत बसली होती. सोमवारी लिही की, म्हटलं. ती म्हणाली, उद्या मशीन बंद असणार ना. सुट्टीच्या नावानं हिला निमित्तच पाहिजे असतं.

२० ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ७.१५
दार उघडंच होतं. आत सर, बनाबाई आणि प्रियदर्शनी. सगळी मशीनं धुतल्यापुसल्यासारखी लख्ख, प्रत्येक मॉनिटरला झेंडूची माळ, कीबोर्डवर हळदकुंकू, पुढं नारळ. वायरी काढून गुंडाळून ठेवलेल्या.
खंडेनवमी. आज हत्यारांना विसावा. उद्यमनगरातल्या कारखान्यांत आज एक लेथ फिरत नाही, हे लहान पोराला माहीत असतं. प्रियदर्शनीच्या वडिलांचं तिथंच वर्कशॉप. आणि मी? दर वर्षी आमच्या दुकानातल्या तराजूला माळ मीच घालत आलोय. या वर्षी वेळापत्रकात शनिवार तेवढा दिसला, तिथी दिसलीच नाही.
सरांना म्हटलं, दोनच तास चालू करू द्या. सर म्हणाले, “आज न्हाय हात लावायचा. उद्या सकाळी पूजा हलली की मगच.”
उद्या सकाळी आम्ही कोडोलीत असणार. बनाबाईंनी हातावर पेढा ठेवला, तो खाल्ला.

२० ऑक्टोबर, संध्याकाळ
अप्पा आणि अव्वा आले. नवी टोपी त्यांना चांगली दिसते. अप्पांनी खोलीवरच्या मित्रांना पेढे वाटले. मी सांगितलं नाही.

२१ ऑक्टोबर, दसरा. दुपारी, कोडोली
सॉफ्टवेअर सुरू झालं. चौदाच्या चौदा स्क्रीन. तेरा प्रियदर्शनीचे, एक माझा. पाच तारखेला केबिनमध्ये सरांनी तिला तेच सांगितलं होतं, आणि तिनं पंधरा दिवसांत हातानं लिहिले. सीडीत तेच होतं. पहिली किटली एका बाईंची, साडेतीन लिटर. पावती खर्रकन बाहेर आली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.
चेअरमननी प्रियदर्शनीला नारळ दिला. अप्पा कोपऱ्यात उभे. जवळ आले आणि हळू आवाजात विचारलं, तुझं कुठलं. अप्पा हळू बोलू शकतात हे मला आज कळलं. मी बटणाचं सांगितलं, पॅनेलचं सांगितलं, म्हशीचंही सांगितलं.
“ते हितं कुठं दिसतंय?”
“हितं न्हाय दिसत अप्पा. आम्ही जिथं लिहितो तिथं असतंय ते.”
“गिऱ्हाइकाला दिसत न्हाय?”
“न्हाय.”
अप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “म्हणजे गिऱ्हाईक दारात हुभं, आणि तू फळ्यांना रंग देत बसलास.”
दोन वर्षांत माझं काम इतकं नेमकं कुणालाच कळलं नव्हतं.

२४ ऑक्टोबर, बुधवार. गडहिंग्लज
दुकानाच्या फोनवर प्रियदर्शनीचा फोन. माझं मशीन तिला दिलंय. विचारत होती, ते पॅनेल काढायचं कसं? मी तीन मिनिटं काहीबाही सांगितलं. हे बंद कर, ते उघड. मग थांबलो आणि खरं सांगितलं की मला माहीत नाही.
ती हसली नाही. म्हणाली, मग मशीन फॉरमॅट मारते, तुझं काही ठेवायचंय काय त्यातलं? काय ठेवायला सांगायचं ते बराच वेळ आठवत होतो. नको, म्हटलं.
अप्पांनी विचारलं, परत बोलावतायत काय. म्हटलं, न्हाय, पुसून टाकू का म्हणून विचारत होते. अप्पांनी बाजूला सरकून मला गल्ल्याजवळ जागा केली.
नंतर एक बाई आल्या. त्यांना पाच लिटरचं पातेलं पाहिजे होतं, झाकणासकट. ते कुठल्या फळीवर असतं, हे मला अप्पांना विचारावं लागलं.