विमानाच्या मैलांची विल्हेवाट

मी, कपडे उसवून अंगाबरोबर करून देणाऱ्या दुकानाची मालकीण, वय एकोणऐंशी, शिक्षण चौथी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण गुडघ्यांनी कोणी लिहीत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकायला घरात कोणी असावं लागतं. वकिलाने कच्चा कागद करून दिला होता. त्यात मी कुठे सापडले नाही, म्हणून त्याचे चार शब्द ठेवले आणि बाकी माझं घातलं.

एक. दुकान आणि मागची खोली ही माझ्या कष्टाची मिळकत आहे. नवऱ्याचा त्यात एक खिळा नाही. ती माझ्या एकुलत्या एका मुलाला. तो विकणार हे मला माहीत आहे. विकण्याआधी रंग देऊ नये, रंगाचा खर्च निघत नाही.

दोन. शिलाईचं मशीन, इस्त्री आणि दोन्ही कात्र्या बटणवालीला. ही माझ्याकडे बावीस वर्षं काजं-बटणं करते. तोंड बंद, हात चालू. मोठ्या कात्रीने कागद कापायचा नाही. ही अट आहे, सूचना नाही.

तीन. कपाटाच्या वरच्या फळीवर उंची कापडाचे अकरा तुकडे आहेत, चांगल्या प्रसंगासाठी ठेवलेले. परवा उघडले तर घडीघडीवर चिरलेत. ते नातीला. अस्तर करावं, उशी करावी, पाय पुसावेत.

चार. नणंदेने नेलेला आरसा परत मागू नये. आता तिला त्यात स्वतःला बघावं लागतं, तेवढी शिक्षा पुरे.

पाच. विमानाचे मैल. वकील म्हणाला, "आजी, हे मृत्युपत्रात येत नाही. माणूस गेला की मैल गेले, कंपनीचा नियम आहे." येत नसलं तरी लिहिते. बाकीची कलमं सामानाची आहेत.

चौदा वर्षांपूर्वी मुलाने मला बँकेचं कार्ड काढून दिलं. दोरा, अस्तर, चेन, जे घेईन ते कार्डावर घ्यायचं, म्हणजे विमानकंपनीकडे माझ्या नावावर मैल साठतात आणि त्यातून फुकट तिकीट निघतं. मुलगा दोन विमानं बदलावी लागतात इतका लांब राहतो. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझं विमान बंद केलं. तेव्हा ठरलं असं, की साठवायचे मी आणि त्यावर यायचं त्याने.

कधी यायचं, याचं त्याचं एक गणित आहे. तिकिटाची किंमत बघायची, किती मैल मागतात ते बघायचं, आणि एका मैलाला काय भाव पडतो ते काढायचं. भाव चांगला असेल तर मैल द्यायचे, नाहीतर रोख. तिकीट स्वस्त असलं की म्हणायचा, "आई, आत्ता मैल घालणं म्हणजे माती करणं. आत्ता रोखच बरं." मग काढ की रोख! तर म्हणे, एवढे मैल पडलेले असताना खिशातून कशाला? सुट्ट्यांत तिकीट महागलं की म्हणायचा, "आता खरी मैलांची वेळ." तेव्हा मैलांवरच्या जागा संपलेल्या. अशी सहा वर्षं. गणित एकदाही चुकलं नाही. तो एकदाही आला नाही.

मैल नुसते पडून राहिले तर बाद होतात. म्हणून त्याआधी त्याचा न चुकता फोन, "आई, कार्डावर काहीतरी घे." मला न्यूमोनिया झाला तेव्हा फोन तीन दिवस उशिरा आला. मैलांच्या बाबतीत एक तास इकडचा तिकडे नाही.

दोष माझाही आहे. तो माझ्या टेबलाखाली खेळून मोठा झाला, आणि वर मी गिऱ्हाइकांना सांगत असे, चांगलं कापड उगाच कुठेही कापू नये. त्याने ऐकलं. मुलं नेमकं नको ते ऐकतात.

या मार्चमध्ये मी बटणवालीला फोनवर बसवून त्याच्या नावाचं तिकीट काढलं. ना सुट्टी, ना लग्न, ना कोणी आजारी. भाव बघितला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन. आवाज इतका खूश, की मला वाटलं येतोय.

"आई, काय केलंस हे! त्या आठवड्यात तिकीट किती स्वस्त आहे. मैल फुकट चालले होते तुझे."

"बरं, मग?"

"मग काय, रद्द केलं मी. सगळे मैल परत तुझ्या खात्यात. काही कापलं नाही त्यांनी. वाचवले की नाही?"

"वाचवलेस."

"आता बघ, चांगल्या वेळेला वापरू."

चांगली वेळ कुठली, ते मला मशीनवर बसल्यावर कळलं. आयत्या वेळचं तिकीट सगळ्यात महाग. सकाळी निरोप, दुपारी विमान. त्या दिवशी मैलाला जो भाव येईल तो दुसऱ्या कुठल्या दिवशी येणार नाही. म्हणजे माझे मैल वापरायची खरी वेळ मी मेल्यावरची. हे त्याला सुचलेलं नाही; तो तेवढा वाईट नाही. पण गणिताचं उत्तर तेच येतं.

म्हणून मी मैल संपवले. आधी खात्याचा पासवर्ड बदलला, तो त्याच्याकडेही होता. मग ऑगस्टमध्ये बटणवालीला तिच्या आईकडे पाठवलं, जाऊन येऊन, पुढच्या रुंद खुर्चीत. भाव इतका वाईट पडला, की ऐकून मुलगा अंथरूण धरेल. ती आईला न कळवता गेली. परत आल्यावर मी तिला बसवून घेतलं.

"म्हातारी काय म्हणाली?"

"काय म्हणणार, मावशी. दार उघडलं आणि म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, काही नाही झालं. तर म्हणते, मग आलीस कशी?"

"पुढे?"

"पुढे काय. पिशव्या आत घेतल्या तिने."

हे मी तिला पुन्हा एकदा सांगायला लावलं. त्या दिवशी दुकान चारलाच बंद केलं.

खात्यात दोनशे बारा मैल उरलेत. ते कंपनीने खुशाल घ्यावेत.

सहा. मी गेल्यावर मुलाला बटणवालीने फोन करावा. मैल नाहीत हे आधी सांगावं, बाकीचं नंतर, म्हणजे तो हिशोब करत बसणार नाही. मला त्याच्यासाठी थांबवून ठेवू नये. जे करायचं ते त्याच दिवशी, कमी माणसांत उरकावं. त्याने महागाचं तिकीट काढून धावत येऊ नये. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा स्वस्त असतो, तेव्हा रोखीने यावं. किल्ली शेजारच्या घड्याळवाल्याकडे आहे. घाई करू नये. मी आता कुठे जाणार नाही.

सही: (माझी, जोडाक्षरासकट)

साक्षीदार पहिला: शेजारचा घड्याळवाला. त्याला आतलं वाचू दिलेलं नाही.

साक्षीदार दुसरा: बटणवालीला वाटा असल्यामुळे तिची सही चालत नाही, आणि दुसरं ओळखीचं कोणी उरलेलं नाही. म्हणून पँटची उंची कमी करायला आलेलं एक गिऱ्हाईक. ओळख वीस मिनिटांची. शिलाई पूर्ण घेतली आहे.

स्थळ: दुकानामागची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर